विश्लेषण : थीम पार्कला चौदा जण निघाले, पण उतरायचे कुठे?

सहलीचा बेत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरतो आणि बहुतेक वेळा तिथेच मोडतो. आधी मुलांचा हट्ट, मग मामाने टाकलेला पार्कचा व्हिडिओ, मग तारखांची ओढाताण. इथवर सगळे ठीक असते. नंतर कुणीतरी हॉटेलच्या पाच खोल्यांचा भाव टाकतो आणि ग्रुप एकदम शांत होतो. दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, ‘आई-बाबांना तसेही त्या राइड्स झेपणार नाहीत, आत्यालाही एवढे चालवणार नाही. आपण आठ जणच जाऊ.’ पैशांचा प्रश्न असा गुडघ्यांच्या नावावर खपवला जातो आणि आजी ‘मला काय तिथे करायचंय’ म्हणून तो मानूनही घेते.

खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाणाऱ्या कुटुंबांचे उदाहरण घेऊन हे गणित उलगडून पाहू. मुक्काम शोधण्याची रीत थोडी बदलली, तर आजी आणि आत्या दोघींना गाडीत जागा मिळू शकते.

तिकीट माणशी, मग मुक्काम खोलीवर का?

पार्कचे तिकीट माणशी असते. जेवण माणशी असते. एसटीचे भाडेही माणशी. मुक्काम मात्र खोलीवर विकला जातो, आणि ही खोली आखताना डोळ्यांसमोर असते ते चौकोनी कुटुंब. नवरा, बायको आणि एखाद-दोन लहान मुले. बहुतेक हॉटेलांत एका खोलीत दोन प्रौढ, फार तर गादी टाकून तिसरा, एवढीच मुभा असते. पाच-सहा वर्षांखालचे मूल फुकट आणि बारा वर्षांवरचे मूल थेट प्रौढ, असा साधारण शिरस्ता. नेमके वय हॉटेलागणिक बदलते, म्हणून ते आधी विचारावे.

समजा, आजी-आजोबा, एकटी राहणारी आत्या, तीन जोडपी आणि पाच मुले असे चौदा जण आहेत. मुले सोळा, तेरा, दहा, सात आणि चार वर्षांची. घरच्या हिशेबात नऊ मोठे आणि पाच लहान, पण हॉटेलच्या हिशेबात प्रौढ अकरा झाले. आजी-आजोबांच्या खोलीत आत्याला गादी मिळाली, दोन जोडप्यांच्या खोल्यांत दोन मोठी मुले गेली, आता तिसऱ्या जोडप्याच्या खोलीत तीन मुले. म्हणजे पाच माणसे, आणि तिथे हॉटेलचा नियम आडवा येतो. चार खोल्यांत जवळपास बसणारे कुटुंब पाचव्या खोलीवर जाते. सगळा बेत त्या पाचव्या खोलीपाशी अडतो आणि ती टाळायची म्हणून आत्याचे नाव गळते.

पूर्वी हा प्रश्न एवढा नव्हता, कारण मोठे पार्क म्हणजे गोराईचे एस्सेलवर्ल्ड, १९८९ मध्ये सुरू झालेले. मुंबईकर सकाळी बोटीने जायचा आणि रात्री घरच्या अंथरुणावर असायचा. बाहेरगावचे लोक दादर-ठाण्याच्या नातेवाइकांकडे उतरायचे. (त्या नातेवाइकांचे दीड खोलीचे घर आणि त्यात झोपलेली अकरा माणसे हा मुक्कामाचा आपला सर्वात जुना आणि अजूनही सर्वात स्वस्त प्रकार. पनवेल किंवा बदलापूरला कुणी असेल, तर पुढचा लेख न वाचता आधी त्यांना फोन करावा.) २०१३ मध्ये इमॅजिका शहरापासून दूर, खोपोली-पाली रस्त्यावर उभे राहिले आणि तिथे कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगरहून गाड्या येऊ लागल्या. तेव्हापासून मुक्काम हा सहलीचा मोठा खर्च झाला.

१०० रुपयांच्या फरकाला हजार रुपये कसे पडतात?

हॉटेलच्या खोलीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर आधी १२ टक्के कर होता, तो ५ टक्के झाला. त्यावरच्या दराला १८ टक्के कायम आहे. ही उतरंड नाही, कडा आहे. ७,५०० रुपयांच्या खोलीवर ३७५ रुपये कर, एकूण ७,८७५. खोली ७,६०० रुपयांची असेल तर कर १,३६८ रुपये आणि एकूण ८,९६८. दरात फरक शंभराचा, खिशाला फरक १,०९३ रुपयांचा. पाच खोल्या घेतल्या तर एका रात्रीत जवळपास साडेपाच हजार. त्यामुळे हॉटेलवाल्याशी घासाघीस करायची तर ती या कड्याच्या आसपास करावी. ७,८०० चा दर ७,५०० वर आणला, तर तीनशे तो सोडतो आणि हजारावर रुपये करात वाचतात.

नाश्ता-जेवणासह एकच दर असेल तर तो सगळा दर खोलीच्याच खात्यात धरला जातो आणि कडा ओलांडला जाऊ शकतो. जेवण वगळून दर किती, हेही म्हणून विचारावे. शिवाय ज्या हॉटेलने गेल्या आर्थिक वर्षात एखादी खोली ७,५०० रुपयांपेक्षा जास्त दराने दिली असेल, तिथल्या उपाहारगृहाच्या बिलावर १८ टक्के कर लागतो. एरवी तो ५ टक्के असतो. चौदा माणसांच्या दोन जेवणांवर हा फरक डोळ्यांत भरतो.

आता खरा पेच. कराची ही मर्यादा माणशी नाही, ‘निवासाच्या एककाला’ आहे. चौदा जणांसाठी अख्खा बंगला २०,००० रुपयांना घेतला तर तो एकच एकक आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये. एकूण २३,६००. त्याच कुटुंबाने ४,५०० रुपयांच्या पाच खोल्या घेतल्या तर भाडे २२,५००, कर ५ टक्क्यांनी १,१२५, एकूण २३,६२५. (दर हिशेबापुरते धरले आहेत.) बंगला भाड्यात अडीच हजारांनी स्वस्त होता, करानंतर दोन्ही सारखेच. बंगल्यात झोपणाऱ्याच्या वाट्याला माणशी पंधराशे रुपयेही भाडे येत नाही, तरी त्याला कर लागतो तो आलिशान खोलीचा.

वर्षाला २० लाख रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या छोट्या घरमालकाला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. त्याच्याकडे थेट नोंदणी केली तर कर लागत नाही. तेच घर ॲपवरून घेतले तर कर भरण्याची जबाबदारी ॲपवर येते आणि तो आपल्या बिलात चढतो. थेट नोंदणी म्हणूनच स्वस्त पडू शकते, मात्र पावती घ्यावी. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणणाऱ्या नोंदणीकृत मालकाची गोष्ट वेगळी. तिथे कर चुकवला जातोच, शिवाय उद्या तक्रार करायची वेळ आली तर आपल्या हातात कागद नसतो.

घाटावर राहावे की घाटाखाली?

इमॅजिकाला जायचे म्हटले की निम्मे लोक लोणावळ्यात मुक्काम शोधतात. बंगले तिथे जास्त आणि नाव ओळखीचे. पण लोणावळा घाटावर आहे आणि पार्क घाटाखाली. शनिवारी दुपारी बोरघाटात अडकलेल्या गाडीत चार वर्षांचे पोर आणि सत्तरीचे आजोबा घेऊन बसल्यावर वाचलेल्या पैशांची आठवण राहत नाही. पुण्याकडून येणाऱ्याला लोणावळा निदान वाटेवर आहे. मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्याने पार्क मागे टाकून घाट चढायचा आणि सकाळी पुन्हा उतरायचा, याला काही अर्थ नाही. लोणावळ्याजवळच्या वेट एन जॉय वॉटर पार्कला जायचे असेल तर गोष्ट वेगळी. मग कार्ल्याचे एमटीडीसीचे पर्यटक निवासही पाहावे.

घाटाखाली खोपोली, खालापूर, कर्जत आणि थेट पालीपर्यंतचा पट्टा आहे. पार्कला लागूनच नोव्होटेल साखळीचे २८७ खोल्यांचे हॉटेल आहे. परवडत असेल तर सोयीचे, कारण थकलेली मुले पाच मिनिटांत पलंगावर पडतात. खोपोली गावात साधी लॉज आणि मध्यम हॉटेले आहेत. कर्जतच्या बाजूला शेतघरे आणि कृषी पर्यटन केंद्रे भरपूर. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, तेव्हापासून अशा केंद्रांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नये. अशा ठिकाणी दर बहुधा माणशी असतो, त्यात जेवण धरलेले असते आणि हॉलमध्ये गाद्या टाकायला कुणाची ना नसते. मोठ्या कुटुंबाला हवे असते ते हेच.

पार्कचा रस्ता पुढे पालीला जातो, म्हणजे बल्लाळेश्वराला. दुसरा अष्टविनायक, महडचा वरदविनायक, खोपोलीच्या अलीकडेच. देवस्थानाच्या गावात भक्तनिवास आणि घरगुती खोल्या असतात आणि त्या मुळातच गोतावळ्यासह येणाऱ्यांसाठी बांधलेल्या असतात. आजी-आजोबांना दर्शन आणि नातवंडांना पार्क, असा दोन्हीकडचा बेत इथे जमतो. चतुर्थीच्या आसपासचे दिवस मात्र टाळावेत. आणखी एक सावधगिरी. ॲपवर इंग्रजीत शोधले तर महड आणि महाड यांचे स्पेलिंग एकच येते. महाड चवदार तळ्याचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे. तिथली स्वस्त खोली पाहून नोंदणी केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क कुठे आणि आपण कुठे!

बंगला घेताना खाटा मोजाव्यात की न्हाणीघरे?

जाहिरातीत लिहिलेले असते ‘१५ जणांसाठी’. त्याचा अर्थ पंधरा जण आडवे होऊ शकतात, एवढाच. पंधरा जण सकाळी तयार होऊ शकतात का, हे त्यात नसते. चौदा जण, माणशी पंधरा मिनिटे, न्हाणीघरे दोन, म्हणजे पावणेदोन तास गेले. चार असतील तर तासाभरात गाडी सुटते. पार्कच्या तिकिटाचे पैसे दिवसाचे असतात, त्यातला तास न्हाणीघराच्या रांगेत घालवणे महाग पडते. अमेरिकेत ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डने २०१२ मध्ये ‘आर्ट ऑफ ॲनिमेशन’ हे स्वस्त गटातले हॉटेल उघडले. त्यात सहा जणांच्या कौटुंबिक खोल्या बांधल्या, तेव्हा प्रत्येकीत दोन न्हाणीघरे आणि छोटी ओटा-फ्रिजची सोय ठेवली. सहा माणसांना दोन, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. (त्याहून मोठी कुटुंबे तिथेही हॉटेलात जात नाहीत. शेजारच्या किसिमीत चार-पाच बेडरूमची घरे भाड्याने घेतात. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आई-वडील भारतातून आले की हेच करतात.)

न्हाणीघराखालोखाल स्वयंपाकघर. गॅस, भांडी आणि फ्रिज वापरायला देतात का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, हे विचारावे. काही बंगल्यांत ओटा दिसतो, पण जेवण राखणदाराकडूनच घ्यावे लागते, ताटावर दर. ते वाईट असते असे नाही. कित्येकदा राखणदाराच्या घरची भाकरी आणि पिठले हीच सहलीतली लक्षात राहणारी गोष्ट ठरते. फक्त ताटाचा दर आधी ठरवावा आणि लहान मुलांचे अर्धे ताट लावायला सांगावे. स्वयंपाकघर हातात असेल, तर निदान सकाळचे पोहे आणि चहा घरच्या हातचे होतात. ‘सुट्टीला येऊनही बायकांनीच ओट्याशी उभे राहायचे का’ हा सुनांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बंगला घेण्याआधी घरातल्या पुरुषांनी द्यावे.

अनामत रक्कम किती, ती कधी परत मिळते, ठरल्यापेक्षा एक माणूस वाढला तर किती घेतात, वीज गेल्यावर जनरेटर आहे का, तळमजल्यावर एक तरी शयनगृह आहे का. आजोबांना जिना चढता येत नसेल तर शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

आणि तरणतलाव. बंगल्याच्या छायाचित्रांत तो नेहमी पहिला असतो आणि मुलांच्या मनात तोच बसतो. लोणावळा परिसरातल्या खासगी बंगल्यांच्या तलावांत मुले बुडाल्याच्या बातम्या वाचनात आलेल्या आहेत. पार्कमध्ये जीवरक्षक असतात, बंगल्यात नसतात. मोठी माणसे सामान उतरवत असतात, खोल्या वाटून घेत असतात आणि नेमक्या त्या वीस मिनिटांत लहान मूल पाण्याकडे जाते. तलावाला कुंपण किंवा कुलूपबंद फाटक नसेल आणि घरात सहा वर्षांखालचे मूल असेल, तर तलाव नसलेला बंगला घ्यावा. तो स्वस्तही पडतो.

शिर्डीत हा प्रश्न का पडत नाही?

शिर्डीतही थीम पार्क आहे. वेट एन जॉय वॉटर पार्क आहे, साईतीर्थ हे भक्तिविषयक थीम पार्क आहे. पण शिर्डीला निघालेले चौदा जणांचे कुटुंब ‘उतरायचे कुठे’ या प्रश्नावर मोडत नाही. साईबाबा संस्थानच्या साई आश्रम या एकाच संकुलात दीड हजारांहून अधिक खोल्या आहेत, द्वारावती आणि इतर भक्तनिवासे वेगळी. नोंदणी संस्थानच्या संकेतस्थळावर होते आणि जेवणाचा भार प्रसादालय उचलते. शेगावला गजानन महाराज संस्थाननेही भक्तनिवासांची अशीच शिस्तशीर व्यवस्था उभी केली आहे. तिथे आत्या कुणाच्या खोलीत, हा प्रश्न हॉटेलच्या नियमाने सुटत नाही, घरच्या सोयीने सुटतो.

विदर्भातल्या कुटुंबांसाठी तर समृद्धी महामार्गामुळे शिर्डी जवळ आली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी हा टप्पाच आधी खुला झाला. पार्क हवे, आजी-आजोबा सोबत हवेत आणि पैसे मोजकेच, असे असेल तर खोपोलीपेक्षा शिर्डीचा बेत आधी तपासावा. एवढेच, की भक्तनिवास भाविकांसाठी आहे. दर्शनाला न जाता केवळ वॉटर पार्कसाठी तिथल्या खोल्या अडवणे बरे नव्हे. गर्दीच्या दिवशी दूरवरून आलेला भाविक उघड्यावर झोपतो.

सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या लोकांना हैदराबादची रामोजी फिल्म सिटी जवळची. तिथे आवारात सितारा, तारा अशी चढत्या-उतरत्या दरांची हॉटेले आहेतच, शिवाय ‘सहारा’ नावाची मोठ्या गटांसाठी सामायिक निवासाची सोय आहे. म्हणजे व्यावसायिक तत्त्वावर चालणाऱ्या पार्कलाही खाटेवर मुक्काम विकता येतो, फक्त तसे ठरवावे लागते. महाराष्ट्रातल्या पार्कमध्ये शाळांच्या सहली बसगाड्या भरभरून येतात, कंपन्यांचे गट येतात, त्यांच्यासाठी वेगळे दर निघतात. चौदा जणांच्या कुटुंबाला मात्र खिडकीवर चार-चार जणांची तीन-चार कुटुंबे समजले जाते. पार्कच्या समूह विभागाला फोन करून ‘आम्ही चौदा जण आहोत, तिकीट आणि मुक्काम मिळून काय दर’ असे विचारणारे फारच थोडे असतात. विचारावे. नाही म्हणाले तर एका फोनचेच नुकसान.

सरकारनेही एक गोष्ट करायला हवी. निवासावरील कराचा कडा खोलीला किंवा बंगल्याला न लावता माणशी दराला लावावा. दोन माणसांच्या ७,५०० रुपयांच्या खोलीत माणशी ३,७५० रुपये पडतात, त्यावर कर ५ टक्के. चौदा माणसांच्या वीस हजारांच्या बंगल्यात माणशी १,४२९ रुपये पडतात, त्यावर १८ टक्के. हा उलटा न्याय कुणी मुद्दाम केला असेल असे वाटत नाही. नियम लिहिताना मोठे कुटुंब कुणाच्या डोळ्यांसमोरच नसावे. कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्या देशात हे व्हावे, हे जरा गमतीचे आहे.

एका रात्रीत भागते का?

बहुतेकदा भागते. दोन रात्रींचा बेत हा पर्यटन कंपन्यांच्या पॅकेजमधून आपल्या डोक्यात बसलेला आहे. हॉटेलचा दिवस दुपारी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला संपतो. पार्कचा दिवस सकाळी उशिरा सुरू होऊन संध्याकाळी संपतो. आदल्या रात्री मुक्काम केला, तर सकाळी सामान घेऊन खोली सोडावी लागते आणि रात्री थकून परतीचा प्रवास, नाहीतर दुसऱ्या रात्रीचे भाडे. त्यापेक्षा पहाटे निघून थेट पार्क गाठावे, सामान गाडीतच ठेवावे, रात्री मुक्कामाला जावे आणि सकाळी नाश्ता करून घर. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिककडच्यांना हे सहज जमते. सात-आठ तासांवरून येणाऱ्यांनी आदली रात्र घ्यावी आणि परतीचा प्रवास रात्रीच्या रेल्वेने किंवा एसटीने करावा. एसटीत महिलांना अर्धे तिकीट, ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. आत्या, आजी आणि तीन सुना असलेल्या कुटुंबाला खासगी गाडीपेक्षा हा हिशेब कित्येकदा हलका पडतो.

वार निवडता आला तर शनिवार सोडून काहीही चालेल. मुलांच्या शाळेचा प्रश्न असतो, हे खरे. पण दिवाळीच्या सुट्टीतला सोमवार-मंगळवार आणि त्याच सुट्टीतला शनिवार-रविवार यांच्या बंगल्याच्या भाड्यात मोठी तफावत असते. पावसाळ्यात लोणावळ्याचे शनिवार-रविवार तर पाण्यासारखे पैसे ओढतात.

पैसे पाठवण्याआधी काय पाहायचे?

सुट्टीच्या तोंडावर इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकवर बंगल्यांच्या खोट्या जाहिराती येतात. छायाचित्रे खऱ्या बंगल्याची, नंबर भामट्याचा. ‘आजच अर्धे पाठवा, दुसरी पार्टी थांबली आहे’ हे वाक्य ऐकले की थांबावे. मालकाला व्हिडिओ कॉलवर बंगल्याचे फाटक आणि आतली खोली दाखवायला सांगावे. यूपीआयवर दिसणारे नाव आणि त्याने सांगितलेले नाव जुळते का पाहावे. नकाशावरील जुने अभिप्राय वाचावेत. खोपोली-कर्जत भागात ओळखीचे कुणी असेल तर त्याला फाटकापर्यंत पाठवावे. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.

ॲपवर वेगळा सापळा असतो. यादीत २,९९९ दिसते, पैसे भरण्याच्या पानावर शुल्क, विमा, देणगी असे करत रक्कम फुगते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. टप्प्याटप्प्याने किंमत फुगवणे आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकणे या दोन्ही त्यात आहेत. हॉटेलच्या बिलात आपोआप लावलेला सेवा आकारही याच प्राधिकरणाच्या २०२२ च्या तत्त्वांनुसार सक्तीचा नाही. तक्रार १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर करता येते. पाच खोल्या घेताना प्रत्येक खोलीमागे असे दोन-दोनशे रुपये चढले, तर एका माणसाचे जेवण गेले. ओळखपत्र प्रत्येक प्रौढाचे लागते. चौदा जणांचे आधार अनोळखी नंबरवर व्हॉट्सॲपने पाठवण्यापेक्षा शेवटचे चार आकडेच दिसणारी मास्क्ड प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावर मिळते.

पंधरावा माणूस कोण?

सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली असेल, तर कुटुंब चौदा जणांचे नसते. चालक धरून पंधरा. भाडे ठरवताना त्याचा रात्रीचा भत्ता विचारला जातो, पण तो झोपणार कुठे हे कुणी विचारत नाही. हॉटेलात चालकांसाठी खोली असते किंवा नसते, बंगल्यात बहुधा नसतेच. मग तो गाडीतच, पाय दुमडून, डासांत झोपतो आणि दुसऱ्या दिवशी आपली सगळी माणसे घेऊन बोरघाट चढतो. बंगला घेताना राखणदाराच्या खोलीशेजारी चालकासाठी खाट, पंखा आणि न्हाणीघर आहे का, हे त्याच फोनवर विचारावे. नसेल तर गावातल्या लॉजवर त्याच्यासाठी एक खोली घ्यावी आणि ती खोली चौदा जणांच्या हिशेबात पहिल्याच ओळीत लिहावी.